मागच्या चाकाचे स्पोक सारखे तुटतात, नवी चाकं कुठली घेऊ?

कोथरूडकर८८
आयडीतच वजन आहे. शिमानो सोरा ९ स्पीड गिअरची रोड बाईक, रिम ब्रेक (चाकाच्या कडीवर दाबणारे). मागे २४ स्पोक आणि गिअरच्या बाजूचा एखादा सारखा तुटतो. रोजचं ऑफिस, रविवारी सिंहगड नाहीतर बोपदेव घाट, पावसाळ्यातही. बजेट दोन्ही चाकांचं मिळून १५ हजार.

उतारप्रेमी
थोडं थांब, पैसे साठव आणि कार्बन घे. हलक्या चाकांची मजाच वेगळी.

छर्रेकाका
उतारप्रेमी, भर पावसात कार्बन रिमवर ब्रेक दाबत बोपदेव उतरून दाखवा, मग मजेचं बोलू.

हिशेब करा. गडी ८८ किलो, सायकल १०. चाकांत ३०० ग्रॅम वाचले तर एकूण वजनात जेमतेम ०.३ टक्के. सिंहगडाला ५० मिनिटं लागत असतील तर नऊ-दहा सेकंदांचा फायदा. तेवढ्यासाठी हप्ते कोण भरणार?

आणि स्पोक बहुतेक वेळा जास्त ताणल्याने नाही, कमी ताणल्याने तुटतो. चाक फिरताना जमिनीकडचा स्पोक सैलावतो, वर जाताना पुन्हा ताणला जातो. मुळात ताण अपुरा असला की हबाजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) वाकात तार थकते. त्यात २४च स्पोक.

तेव्हा ३२ भोकांचे शिमानोचे टियाग्रा किंवा १०५ मालिकेचे हब, दुहेरी भिंतीची अ‍ॅल्युमिनियम रिम, स्टेनलेसचे २ मिमी स्पोक, थ्री-क्रॉस बांधणी (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तिघांना ओलांडतो). हे हब ११ स्पीडचे असतात, तुमच्या ९ स्पीड कॅसेटमागे (मागच्या गिअरचकत्यांच्या जुडग्यामागे) १.८५ मिमीचा स्पेसर, म्हणजे पातळ कडं, टाकायचा. आत छर्रे आणि कोन असतात. पावसाळा संपला की उघडून, धुऊन ग्रीस भरा.

कोथरूडकर८८
काका, तयार बांधलेली शिमानो आरएस१०० चाकं नको का?

छर्रेकाका
चाक चांगलं आहे, पण मागे पुन्हा २४च. एक तुटला की चाक एवढं आउट (वाकडं) होतं की रिम ब्रेकला घासते. ३२ मध्ये तसंच हळूहळू घरी येता येतं.

फक्त बांधणारा हात बघून द्या. चाक हातात आलं की एकाच बाजूचे दोन-दोन स्पोक मुठीत दाबा. गिअरच्या बाजूला सगळे सारखेच कडक लागले पाहिजेत. डावीकडचे जरा सैल लागतील, ते ठीक. दोन-तीनशे किलोमीटरनंतर एकदा आउट काढून घ्या.

पहाटेची_राइड
कोथरूडकर, पुढचं चाक त्रास देत नाहीये ना? रिमची ब्रेक लागते ती बाजू बोटाने चाचपा. खोलगट झाली नसेल तर पुढचं राहू दे, सगळे पैसे मागच्यात घाल.

छर्रेकाका
ताई बरोबर बोलल्या. उरलेल्या पैशांत २८ मिमी रुंदीचे टायर घ्या, फ्रेममध्ये बसत असतील तर.