जोडीतल्या फरकाचा कॉन्फिडन्स इंटरव्हल: '१ तासापेक्षा जास्त झोप' हा दावा टिकतो का?

प्रश्न (सांख्यिकी_एमएस्सी): 'स्टुडंट' (विल्यम गॉसेट यांचं टोपणनाव) यांच्या १९०८च्या लेखातला झोपेचा डेटा सोडवतेय. १० रुग्ण, प्रत्येकावर दोन्ही औषधं, नोंद वाढीव झोपेची, तासांत. दुसरं वजा पहिलं असे फरक: १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. दावा असा की दुसऱ्या औषधाने सरासरी १ तासाहून जास्त फरक पडतो. सरासरी १.५८ आली, म्हणजे दावा सिद्ध झाला का? आणि दोन गट वेगळे धरून वेल्च टी (दोन स्वतंत्र गटांच्या सरासरींची तुलना करणारी चाचणी) लावली की ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा सरासरी फरक जिथे असू शकतो तो पट्टा, −०.२१ ते ३.३७ येतो. त्यात तर शून्यच आहे!

रानवारा: आधी वेल्च बाजूला ठेवा. ज्याला एका औषधाने जास्त झोप लागली त्याला दुसऱ्यानेही लागलीय, दोन्ही रकान्यांतला सहसंबंध ०.८० आहे. गट वेगळे धरले की माणसामाणसांतली तफावत चुकीत मिसळते आणि इंटरव्हल फुगतो. वजाबाकीत ती निघून जाते.

आता फक्त फरकांचा रकाना घ्या. प्रमाण विचलन, म्हणजे फरकांचा विखुरलेपणा, १.२३ (भागाकार ९ ने, १० ने नव्हे). स्टँडर्ड एरर (सरासरीतली अनिश्चितता) १.२३ ÷ √१० = ०.३८९. डिग्रीज ऑफ फ्रीडम (जोड्या वजा एक) ९, त्यासाठी टी-तक्त्यातला ९५ टक्क्यांचा आकडा २.२६२. म्हणून १.५८ ± ०.८८, म्हणजे ०.७० ते २.४६. शून्य बाहेर पडलं, 'काहीच फरक नाही' हे ५ टक्के पातळीवर फेटाळता येतं. पण तुमच्या दाव्यातला आकडा १ आहे आणि तो इंटरव्हलच्या आत बसतोय.

तळटीप_वाचक: दावा 'जास्त' असा एकतर्फी आहे, तेव्हा तपासायचं ते फक्त खालचं टोक. ९५ टक्क्यांसाठी टी १.८३३ घ्या: १.५८ − ०.७१ = ०.८७. तरीही १च्या खालीच. दाव्याला पुरेसा आधार नाही, एवढंच लिहा. 'दावा खोटा ठरला' असं लिहू नका, कारण १.५ किंवा २ तासांचा फरकही याच डेटात सहज बसतो.

४.६ वाला रुग्ण नीट बघा. तो वगळला तर सरासरी १.२४ आणि दुतर्फी इंटरव्हल ०.७४ ते १.७५. वरचं टोक कोसळतं, खालचं जेमतेम हलतं. अर्थात निव्वळ आकडा मोठा म्हणून त्याला वगळायचं नाही. दोन्ही उत्तरं द्या.

सांख्यिकी_एमएस्सी: आभार दोघांचेही. आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये मात्र −२.४६ ते −०.७० येतंय?

रानवारा: तिथे पहिल्यातून दुसरं वजा झालंय. चिन्ह उलटलं की दावाही '−१ पेक्षा कमी' असा वाचावा लागतो, इथेच बरेच जण घसरतात. ४.४ आवृत्तीपासून फॉर्म्युला लिहून 'पेअर्ड' (जोडीचा) पर्याय दिला तर एररच येते. फरकांचा रकाना स्वतः करून एका नमुन्याची टी चालवणं उत्तम. एक्सेलमध्ये १.९६ वापरणारं फंक्शन टाळा, १० जोड्यांना ते ±०.७६ असा खोटाच अरुंद इंटरव्हल देतं.

तळटीप_वाचक: पुन्हा प्रयोग आखायचा असेल तर: खरा फरक १.५८ आणि विचलन १.२३ धरलं, तर १ तासाचा दावा ८० टक्के खात्रीने पकडायला साधारण ३० जोड्या लागतील.