मदत हवी आहे : लायसोझाइमच्या स्फटिकांसाठी अगारोज जेल

नांदेडला एम. फार्म. करतेय. अंतराळ स्थानकात २०१७ साली पेम्ब्रोलिझुमॅब या कर्करोगावरच्या औषधाचे बारीक, एकसारखे स्फटिक मिळाले. तिथे द्रावणात संवहन (घनतेच्या फरकाने उठणारे प्रवाह) जवळपास नसतं, कण तळाला बसत नाहीत. तसा परिणाम जमिनीवर थोडा तरी दाखवायचाय, लायसोझाइम हे अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन वापरून.

हँगिंग ड्रॉप (काचेला उलटा लटकवलेला थेंब हळूहळू दाट होऊन स्फटिक येतात ती पद्धत) केलं : ॲसिटेट बफर, पीएच ४.६, मीठ ६ टक्के. स्फटिक येतात, पण लहान-मोठे, एकमेकांना चिकटलेले. मीठ कमी केलं तर काहीच नाही. प्रथिन विकतचं, शुद्ध आहे. त्यात उन्हाळा, लाईट गेली की इनक्युबेटर बंद, खोली ३८ अंशांवर.

क्लिनोस्टॅट (नमुना सतत फिरवत ठेवणारं यंत्र) बनवता येईल, पण त्याने गुरुत्वाकर्षण जात नाही, नुसती दिशा फिरत राहते. म्हणून ०.२ टक्के अगारोजकडे (समुद्री शेवाळातला, जेल बनवणारा पदार्थ) कल आहे; जेलमध्ये संवहनही रोखलं जातं आणि स्फटिक तळाला बसत नाहीत. कुणी केलंय का? वितळवलेलं जेल थंड होत किती अंशांवर आल्यावर प्रथिन मिसळायचं?