बांगाई कार्डिनलचा नर दहाव्या दिवसाच्या आसपास अंडी गिळतो – मदत हवी आहे

खारंपाणी
१२० लिटरच्या टाकीत बांगाई कार्डिनलची (खाऱ्या पाण्यातला मासा, याचा नर अंडी तोंडात उबवतो) एक जोडी आहे, सोबत दोन क्लाउनफिश. तापमान २६ अंश, विशिष्ट गुरुत्व १.०२५, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १०. नराने दोनदा अंडी तोंडात घेतली. पहिल्या खेपेला नवव्या दिवशी तोंड रिकामं, दुसऱ्या खेपेला दहाव्या. दोन खेपांत १२ दिवसांचं अंतर होतं. आज तिसऱ्या खेपेचा सहावा दिवस: जबडा खालून फुगलेला, खाणं बंद. पिल्लांसाठी ४० लिटरची रिकामी टाकी, नवाकोरा स्पंज फिल्टर, ५० वॅटचा हीटर आणि आर्टेमियाचे (कोळंबीसारखे बारीक जीव) सिस्ट म्हणजे सुकी अंडी तयार आहेत. नराला आत्ताच त्या टाकीत हलवू का?

प्रवाळवेडा
आत्ता अजिबात नको. नव्या स्पंजमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणूच नाहीत, तिथे अमोनिया चढेल. शिवाय पहिल्या दोन आठवड्यांत जरा धक्का लागला की नर अंडी थुंकतो किंवा गिळतो. आधी तीन गोष्टी सांगा. पाणी कधी आणि किती बदलता? एरवी नराला काय खायला घालता? आणि मादी कशी वागते?

खारंपाणी
दर आठवड्याला ३० टक्के, वाळूत सायफन (घाण ओढून घेणारी नळी) फिरवून. खाणं दिवसातून एकदा, पेलेट (कोरड्या गोळ्या). दोन्ही खेपांना आठवडा उलटल्यावर मादी नराला चिकटून थरथरत होती. दोन्ही माद्याच असतील का, अशीही शंका येते.

प्रवाळवेडा
शंका सोडा. दोन माद्या असत्या तर अंड्यांचा गोळा तळाला पडून राहिला असता, उचलायला कोणी आलं नसतं. आणि फलन न झालेली अंडी नर सहसा नऊ दिवस सांभाळत बसत नाही.

दोष तीन ठिकाणी आहे, आणि पहिला सगळ्यात मोठा. हा नर अंडी घेतल्यापासून पिल्लं सोडेपर्यंत जवळजवळ महिनाभर उपाशी असतो. तुम्ही त्याला दिवसाला एकदा पेलेट देता, आणि १२ दिवसांत तो पुन्हा अंडी घेतो. अंगात साठा नसेल तर तोंडातली अंडी हेच त्याचं अन्न. दोन खेपांमध्ये निदान तीन आठवडे द्या. त्या काळात दिवसातून तीनदा फ्रोझन मायसिस (छोटी कोळंबीसारखी), जमल्यास जिवंत आर्टेमिया. पाठीचा कणा दिसतोय, पोट आत गेलंय, अशा अवस्थेत त्याला मादीसोबत ठेवूच नये.

दुसरा दोष मादीचा. तिची पुढची अंडी तयार होतात आणि ती नराला बोलवायला लागते. टाकीच्या मध्ये भोकांची प्लास्टिक जाळी उभी करा, मादी आणि क्लाउनफिश एका बाजूला. नर ज्या कोपऱ्यात लटकून राहतो तो कोपरा त्याच्याकडेच राहील असं बघा. जाळी हळू बसवा, नराच्या अंगावरून हात नेऊ नका. खाणंही पलीकडेच टाका. मायसिसचा वास नाकाशी आला की उपाशी नराचा संयम सुटतो.

तिसरा दोष सायफन. पिल्लं सुटेपर्यंत वाळूला हात लावू नका. पाणी १० टक्केच बदला, तेही आधी २६ अंशांवर आणून, क्षारता जुळवून.

भरतीओहोटी
वेगळं मत मांडतो. नराने दोनदा गिळली आहेत, तर या खेपेला दहाव्या दिवशी अंडी काढून घ्या आणि नळीत मंद हवेवर फिरवत ठेवा. निदान हातची जाणार नाहीत.

प्रवाळवेडा
ज्याचा हात बसलाय त्याला जमतं, पहिल्यांदा करणाऱ्याने करू नये असं माझं मत. बांगाईची अंडी जवळपास तीन मिलिमीटरची, बारीक तंतूंनी एकमेकांना बांधलेली. प्रवाह कमी पडला की गोळ्याच्या मधली अंडी गुदमरतात आणि बुरशी धरतात, जास्त झाला की कवचं फाटतात. मेलेलं प्रत्येक अंडं रोज वेचावं लागतं. नर हे काम फुकटात करतो. समोरून शांतपणे बघा: जांभई दिल्यासारखं तोंड उघडतो, केशरी गोळा अर्धा वळतो, तोंड मिटतं. दुसऱ्या आठवड्यात त्याच गोळ्यात चंदेरी डोळ्यांचे ठिपके दिसायला लागतात. ते दिसले की खेप चांगली चाललीय समजा.

निळाई
नर हलवायचा ठरला तर बाविसाव्या ते चोविसाव्या दिवशी. अंडी साधारण विसाव्या दिवशी तोंडातच फुटतात, पिल्लं त्यानंतरही आठवडाभर आत राहतात. तुमच्या हातात अजून १६ दिवस आहेत, म्हणून नवा स्पंज आजच मोठ्या टाकीत टाका. तेवढ्यात त्यावर जिवाणू धरतील.

हलवायची रीत: दिवे गेल्यावर तासाभराने, मंद लाल टॉर्च. जाळं वापरायचं नाही. ते बघून नर बिथरतो, आणि लांब पर काडीसारखे अडकतात. तीन लिटरचा पारदर्शक डबा पाण्याखाली आडवा धरा, दुसऱ्या हाताने नराला सावकाश आत ढकला, डबा पाण्यासकट उचला. ४० लिटरची टाकी मोठ्या टाकीच्याच पाण्याने भरलेली असू द्या, म्हणजे जुळवून घ्यायचा प्रश्नच येत नाही.

पिल्लं सुटली की दुसऱ्या दिवशी जबडा सपाट झालाय का ते बघा. काही नर शेवटची चार-पाच दाबून ठेवतात. सपाट दिसला की परत न्या, कारण भूक लागली की तो आपलं-परकं बघत नाही. परत गेल्यावरही जाळीच्या आडच ठेवा.

खारंपाणी
जाळी बसवली, मायसिस मागवतो. पिल्लांना आर्टेमिया पहिल्या दिवसापासून चालेल ना? रोटिफर (आर्टेमियाहूनही बारीक जीव) पाळावे लागतील का?

निळाई
रोटिफर नकोत. बांगाईला तरंगत्या अळीची अवस्थाच नाही. पिल्लू बाहेर येतं तेच पट्ट्यांसकट, आईबापाची छोटी प्रत. ताजा आर्टेमिया त्याच्या तोंडात सहज मावतो. (पजामा कार्डिनलचं उलट. तिथे आठवडाभरात बारीक अळ्या सुटतात आणि खायला कोपेपॉडची (आणखी एक सूक्ष्म जलजीव) पिल्लं लागतात. ही रीत तिथे चालणार नाही.)

पण नुसत्या आर्टेमियावर वाढवलीत तर दहा-बारा दिवसांनी एका सकाळी दिवा लागताच पिल्लं गिरक्या घेऊन तळाला पडतील. हा रोग नाही, डीएचए या मेदाम्लाची कमतरता आहे. म्हणून आधी आर्टेमियालाच ते खाऊ घालायचं, असं: एक लिटर पाणी, २५ ग्रॅम मीठ, एक ग्रॅम सिस्ट, २७ अंश, जोरात हवा आणि दिवा चालू: २४ तासांत फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर येतात, ती घेऊ नका, पिल्लांच्या आतड्यात अडकतात. आर्टेमिया गाळून नव्या खाऱ्या पाण्यात ठेवा आणि ओमेगा-३ चं इमल्शन बाटलीवरच्या प्रमाणात घाला. ताज्या आर्टेमियाचं तोंड उघडलेलं नसतं. एक कात टाकल्यावर, साधारण १२ तासांनी तो खायला लागतो. म्हणून इमल्शनमध्ये एकूण २४ तास ठेवा, मग बारीक गाळणीवर धुवा. न धुता टाकलंत तर तेलाने ४० लिटरचं पाणी लगेच बिघडेल.

थोडक्यात, आजचं खाणं परवा दिलं जातं. दोन बाटल्या आळीपाळीने लावा, आणि पहिली एकविसाव्या दिवशीच. पिल्लं लवकर सुटली तर भुकेली राहू नयेत.

प्रवाळवेडा
दिव्याबद्दल एक भर. पिल्लांच्या टाकीवर रात्रभर मंद उजेड ठेवा, आणि सकाळी आधी खोलीचा दिवा, मग अर्ध्या तासाने टाकीचा. तीन बाजूंना काळा कागद. आसऱ्याला खोटा सी अर्चिन (लांब काट्यांचा गोल समुद्री जीव) करा: प्लास्टिकच्या चेंडूला भोकं पाडून काळे केबल टाय चहूबाजूंनी खोचा, आत दगड घालून बुडवा. निसर्गात पिल्लं बरेचदा अर्चिनच्या काट्यांत राहतात, इथेही तासाभरात जाऊन बसतात. खाणं दिवसातून चार वेळा, काट्यांच्या अगदी जवळ.

खारंपाणी
आजच्या खेपेत नराने पुन्हा अंडी गिळली तर?

प्रवाळवेडा
तर जाळी काढू नका. त्याच दिवसापासून तीन आठवडे मोजा, मायसिस तीनदा, आणि समोरून बघितल्यावर पोट भरलेलं दिसेल तेव्हाच मादी सोडा.