डोंगरी तोफा आणि टेबलावरचे डोंगर: २८ मिमीसाठी काय घ्यावं?

टेकडीवाला (इंदूर):
नमस्कार मंडळी. दुसरं अफगाण युद्ध (१८७८–८०) आणि १८९७ ची तिराह मोहीम (वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांविरुद्धची), दोन्ही टेबलावरच्या युद्धखेळात, २८ मिमी उंचीच्या शिपायांनी आणि एकाच सामानात खेळायची आहेत. टेबल ६ बाय ४ फूट. ब्रिटिश बाजूला तोफा कुठल्या आणि किती घ्याव्यात? आणि डोंगर कशाचे करावेत? साध्या थर्मोकोलवर स्प्रे मारला तर खड्डे पडले. पांढऱ्या गोंदाने चिकटवलेले थर तीन आठवड्यांनीही आतून ओलेच आहेत. पावसाळा आहे हे कबूल, पण इतकं?

खेचरतोफ:
तोफ पल्ला बघून निवडू नका. स्क्रू गनचा, म्हणजे नळी पेचाने जोडायच्या डोंगरी तोफेचा, पल्ला ४००० यार्डांच्या घरात होता. १ इंच म्हणजे २५ यार्ड धरलं तरी तुमचं टेबल लांबीला १८०० यार्डांत संपतं, म्हणजे पोचायला ती कुठेही पोचते. बघायचं ते हे, की ती वर चढते कशी आणि तिथून तिला दिसतं काय.

पेवार कोतलची खिंडीतली लढाई (२ डिसेंबर १८७८) खेळायची तर ७-पौंडी (गोळ्याच्या वजनावरून नाव) घ्या. ३ इंची तोंड, तोंडातूनच भरायची, २०० पौंडांची नळी एका खेचरावर. १८७९ पासून २.५ इंची स्क्रू गन आली. तिच्या नळीचे दोन तुकडे दोन खेचरांवर जायचे आणि जागेवर पेचाने जोडायचे. नळी लांब झाली, पल्ला वाढला, पण एका खेचरावरचं ओझं तेवढंच राहिलं. सगळी युक्ती त्यात आहे. १८९७ लाही हीच तोफ चालते. १०-पौंडी दिसायला छान असते, पण ती १९०१ नंतरची, तेव्हा मोह आवरा.

बॅटरीत सहा तोफा असत. टेबलावर दोन पुरतात, एक नग (छोटी प्रतिकृती) म्हणजे खऱ्या तीन तोफा. मात्र प्रत्येक तोफेची दोन रूपं हवीत: एक जोडलेली, एक खेचरांवर लादलेली. तोफेमागे पाच खेचरं धरा, दोन तुकडे, गाडा, चाकं आणि आस. लादणं किंवा जोडणं यात एक पूर्ण पाळी जाऊ द्या. हा नियम नसेल तर डोंगरी तोफ आणि मैदानी तोफ यांत फरकच उरत नाही.

नग घेताना पट्टी लावा. डोंगरी तोफेचं चाक तीन फुटांच्या आसपास, म्हणजे २८ मिमीत साधारण १६ मिमी, साधारण शिपायाच्या कमरेपर्यंत. मैदानी तोफेचं पाच फुटी चाक २७ मिमी भरतं. डोंगरी म्हणून विकलेल्या नगाला मैदानी चाकं लावलेली बऱ्याचदा सापडतात. मैदानी ९-पौंडी मैवंदच्या मैदानातल्या लढाईसाठी (२७ जुलै १८८०) बरोबर आहे, खिंडीत नाही. गॅटलिंग (हाताने फिरवायची अनेक नळ्यांची बंदूक) हवीच असेल तर चारासियाबच्या लढाईत (६ ऑक्टोबर १८७९) दोन होत्या आणि लवकरच अडकल्या, तेव्हा फाशात तशी सोय ठेवा.

अफगाण फौजेला तोफा द्या, मैवंदला अफगाण सेनानी अयूबखानाकडे ३० होत्या. १८९७ च्या टोळ्यांना देऊ नका, त्यांना चांगले नेमबाज द्या. आणि कापूस जवळ ठेवा. स्क्रू गनमध्ये १८९७ लाही दाट धुराची काळीच दारू होती. तोफ उडाली की कापसाचा धूर लावायचा, जागा उघडी पडली.

दिवाळीचा_किल्ला:
गोंदाचं उत्तर: पांढरा गोंद पाणी उडाल्याशिवाय सुकत नाही, आणि दोन थरांच्या मध्ये वारा जाणार कुठून? कडा सुकतात, पोट ओलं राहतं. उद्या तापलेल्या तारेने कापायला गेलात तर तार त्या सांध्यावर अडकेल. म्हणून आधी कापा, मग चिकटवा. बांबूच्या काड्या तिरक्या खुपसा आणि ग्लू गनचे ठिपके द्या, गन कमी तापमानाची. स्प्रेमधला सॉल्व्हंट थर्मोकोल खातो. आधी काळा ॲक्रिलिक आणि गोंद समसमान करून दोन हात द्या, भोकं राहू देऊ नका.

साध्या थर्मोकोलचे मणी सुटतात. छतावर उष्णता अडवायला घालतात ती २५ मिमीची एक्सपीएस (घट्ट फोमची) शीट आणा. ती सुरीने स्वच्छ कापली जाते, कड्याचा दगड बोटाने दाबूनही उठतो. पायऱ्यांची रुंदी मात्र नगांवरून ठरवा. तोफेचा तळ ४० मिमी असेल तर पायरी ५० च्या खाली नको. खेचरांची वाटही ५० मिमी, आणि वळणावर ७०, नाहीतर लादलेलं खेचर कड्याला घासतं. उतार ३० अंशांच्या वर गेला की शिपाई घसरायला लागतात.

वरून पोत्याचं कापड प्लास्टर आणि गोंदाच्या काल्यात बुडवून पसरा, दिवाळीच्या किल्ल्यासारखंच. नुसतं प्लास्टर कडेला तडकतं. नर्मदेची रेती चहाच्या गाळणीतून काढून भुरभुरवा. चहाचा चोथा कोणी सुचवेल, पण नीट न वाळवता वापरलात तर भाद्रपदात बुरशी येईल. एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) तळ दोन्ही बाजूंनी रंगवा, एकच बाजू रंगवली तर तो वाकतो.

रंगात एक चूक आपल्या माळव्यात हमखास होते: डोळ्यांसमोर काळा पाषाण आणि काळी माती असते. अफगाण सरहद्दीवरचे डोंगर फिकट, धुळकट, गेरूकडे झुकणारे. तपकिरीवर खाकी आणि शेवटी जवळजवळ पांढरा, कोरड्या ब्रशने. झुडपं काथ्याची, अगदी तुरळक.

टेकडीवाला:
दोघांचेही आभार. मग तोफा तीन थरांच्या माथ्यावर ठेवू ना? तिथून सगळं दिसेल.

खेचरतोफ:
नाही. नळी फार खाली झुकत नाही. आमची घरगुती मर्यादा एकास पाच, म्हणजे एक खाली जायला पाच आडवं. माथा ७५ मिमी, नळी त्यावर १० मिमी, एकूण ८५. पाचपट केली की ४२५ मिमी, म्हणजे नळीपासून सुमारे १७ इंच आंधळा पट्टा. तुमच्या पायऱ्या २५ चढ आणि ५० आडव्या असतील तर उतार एकास दोन, म्हणजे शत्रू अख्खा उतार निर्धास्त चढेल. तीच तोफ २५ मिमीच्या सोंडेवर (डोंगरातून पुढे आलेल्या बुटक्या टेकाडावर) ठेवा: ३५ गुणिले ५, म्हणजे १७५ मिमी, सात इंच. समोरच्या उतारावर मारा करायचा तो असा, दरीच्या अलीकडून, आपल्याच पायदळाच्या डोक्यावरून. म्हणून डोंगर बांधताना माथ्याच्या समोर एक बुटकी सोंड हवीच.

सोंडेला सांगर (दगड रचलेली आडोशाची भिंत) करा: ४ ते ६ मिमीची खडी, उंची १२ मिमी, आतून ५० मिमी जागा, नळीपुढे भिंतीत बेचकं. बेचकं ठेवलं नाही तर नळी भिंतीवरच टेकते.

दिवाळीचा_किल्ला:
आणि ती सोंड सुटी ठेवा, तळाला चिकटवू नका. मैवंदला ती उचलून बाजूला ठेवावी लागेल.