विषय: बाबांना आलेला केवायसीचा मेल

मंडळी, नमस्कार.
आईबाबा पार्ल्याला असतात. परवा बाबांना बँकेच्या नावाने मेल आला: 'आपली केवायसी अपूर्ण आहे. आज सायंकाळी सहानंतर खातं गोठवण्यात येईल.' लोगो, रंग, खाली शाखेचा पत्ता, सगळं जसंच्या तसं. पेन्शन त्याच खात्यात जमा होते, त्यामुळे दोघांनाही त्या दिवशी जेवण गेलं नाही. बाबांनी लिंक उघडली नाही एवढं नशीब. खरा मेल कुठला आणि खोटा कुठला, हे त्यांना फोनवरून कसं समजावू?

---

उत्तर: बाबांना आलेला केवायसीचा मेल

ताई, बाबांनी लिंक उघडली नाही, हे फार चांगलं केलं.
ही फसवणूक चालते, कारण केवायसी खरोखरच अधूनमधून करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जोखमीनुसार दर दोन, आठ किंवा दहा वर्षांनी. पण काही बदल नसेल तर साधं स्वयंघोषणापत्र पुरतं, आणि ते शाखेत नेऊन देता येतं. 'आज सहापर्यंत' अशी घाई दिसली की तिथेच थांबायचं.

लोगो कोणीही चिकटवतो, बघायचा तो लिंकचा पत्ता. सुरुवातीचं 'https://' सोडून पुढच्या पहिल्या स्लॅशपाशी थांबून तिथून मागे वाचायचं. 'बँकेचं नाव डॉट केवायसी-अपडेट डॉट कॉम' असेल, तर ती साइट 'केवायसी-अपडेट'वाल्याची. बँकेचं नाव नुसतं पुढे जोडलेलं. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर यायला सांगितलं होतं, तेव्हा नेटबँकिंगच्या पत्त्याचा शेवट तसा हवा. शेजारच्या कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका, ते चोरांच्या साइटलाही मिळतं. मोबाइलवर लिंक दाबून धरली की खरा पत्ता दिसतो, पण ज्येष्ठांना हे करायला लावू नये असं माझं मत, बोट घसरतं. त्यांनी मेल बंद करावा आणि पासबुकावरच्या नंबरवर फोन करावा, किंवा सरळ शाखेत जावं.

आणि एक मनापासून सांगतो. ओटीपी देऊन बसले, तर आपले आईवडील आपल्यालाही सांगत नाहीत. पोरं ओरडतील म्हणून गप्प बसतात, आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून निघून जातात. त्यांना आत्ताच सांगून ठेवा, आमच्याकडे रात्रीचे तीन वाजले असले तरी फोन करा, आम्ही एक शब्द बोलणार नाही. पण आधी बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून एकेक मिनिट मोलाचं.

आपला,
माजी खजिनदार (बँकेतून निवृत्त, सध्या मुक्काम दादर)

---

काका, मनापासून आभार. बाबा आज शाखेत जाऊन आले, केवायसीला अजून बराच अवकाश आहे. तोच मेल सोसायटीत आणखी दोघांना आलाय. बाबा म्हणतात, सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड करू का?

---

ताई, फॉरवर्ड नको, त्यातली लिंक चालू असेल आणि कोणीतरी दाबेलच. त्यांना स्क्रीनशॉट टाकायला सांगा, आणि त्यात बाबांचा ईमेल पत्ता दिसत असेल तर तो आधी खोडायला लावा.