मदत हवी आहे: आफ्रिकेतलं खरं प्राणी पुनर्वसन केंद्र कसं ओळखायचं?

माझी भाची व्हेटर्नरीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा झाली की महिनाभर आफ्रिकेत वन्यप्राण्यांच्या पुनर्वसनाचं काम शिकायचं, असं तिने डोक्यात घेतलंय. पहिली पसंती नैरोबीचं शेल्ड्रिक ट्रस्टचं हत्ती अनाथालय. तिथे पिल्लांना दर तीन तासांनी बाटलीने दूध पाजतात, रात्री सांभाळणारा माणूस पिल्लाजवळच झोपतो, आणि जरा मोठी झाली की केनियातल्याच त्सावो राष्ट्रीय उद्यानात नेऊन हळूहळू रानटी कळपात मिसळू देतात. पण ते बाहेरचे स्वयंसेवक घेत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेत पैसे भरून काम देणाऱ्या जागा बऱ्याच आहेत, आणि धाकधूक तिथलीच आहे. सिंहाचे छावे मांडीवर घेऊन फोटो काढू देणारं केंद्र मला तरी पुनर्वसनाचं वाटत नाही. असे माणसाळलेले सिंह जंगलात सोडता येत नाहीत. काही तर पुढे कुंपणातल्या शिकारीसाठी विकले जातात.

कुणी स्वतः जाऊन आलंय का? पैसे भरण्याआधी काय काय विचारलंत? विद्यार्थ्यांना उपचारात हात लावू देतात की नुसते पिंजरे धुवायला लावतात? (त्यालाही तिची ना नाही.) व्हिसा कोणता लागला, आणि रेबीजची लस आधीच घेतली होती का, तेही सांगा.