मदत हवी आहे: राजकारणावर बोलायला माणूस कुठे शोधू?

नमस्कार मंडळी. डोंबिवलीत राहतो, वय ४७, व्यसन एकच: राजकारण. २३ नोव्हेंबर २०१९. शनिवार, सुट्टीची सकाळ. फडणवीस आणि अजित पवारांच्या पहाटेच्या शपथविधीची बातमी टीव्हीवर दिसली आणि मी अख्खं घर उठवलं. बायको म्हणाली, "दूध आलंय का बघ," आणि कूस बदलून झोपली. तेव्हापासून हे असंच चाललंय.

परवा ऑफिसात डबा खाताना पक्षांतरबंदीचा विषय निघाला (म्हणजे मीच काढला). राज्यघटनेतलं दहावं परिशिष्ट, म्हणजे हाच पक्षांतरबंदी कायदा, १९८५ मध्ये आलं, एक तृतीयांश आमदार फुटले तर तेव्हा चालायचं, ती पळवाट २००३ मध्ये बंद केली, आता दुसऱ्या पक्षात विलीनीकरणाला दोन तृतीयांश लागतात... इथवर आलो तर समोरचा ताकाचा पेला घेऊन उठलाच. "सगळे सारखेच रे!" या वाक्याची मला भयंकर चीड आहे. अरे, कोण कशात सारखा, ते तरी बघा!

आता लेक अठराची झाली. मतदार यादीसाठी तिचा फॉर्म ६ भरताना म्हणते कशी, "बाबा, मत कोणाला द्यायचं ते तूच सांग ना." मी गप्पच झालो. सांगणार नाही, पण तिने स्वतः ठरवावं यासाठी काय करू? माझं भाषण सुरू झालं की ती इअरफोन लावते. कुणी घरी हे जमवलंय का?

आणि कल्याण-डोंबिवलीकडे न भांडता राजकारण बोलणारा एखादा कट्टा असेल तर कृपया कळवा. चहा माझ्याकडून.